बुटांचं पोतं

मोठ्या मामांना जाऊन येत्या दिवाळीत वर्ष होईल. गेल्या महिन्यात सगळी भावंडं जमली तेव्हा विषय निघाला, की मामांच्या नावाने काहीतरी करायचं. मामा आणि फुटबॉल हे समीकरण आपल्या घरात इतकं पक्कं, की काय करायचं यावर फार चर्चाच झाली नाही. 'स्मृती चषक'! आमखास मैदानावर सेव्हन-अ-साइड स्पर्धा, चांदीचा मुलामा दिलेला कप, मंडप, पाहुणे, हार-तुरे. वर्गणीचा आकडाही ठरला. मीही मान डोलावली आणि घरी आलो.

पण मनात काहीतरी टोचत राहिलं. मग नेहमीप्रमाणे वाचत बसलो, की फुटबॉल खेळून झालेली माणसं त्या खेळाचं देणं जगात कशी फेडतात. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतो आहे. भावंडांनी रागावू नये, शेवटपर्यंत वाचावं. :)

सुरुवात मामांच्या आवडत्या वर्षापासून करतो. १९५६.

त्या वर्षी मामा सोळा वर्षांचे होते. आपलं गाव तेव्हा औरंगाबाद, आणि १९५६ च्या ३१ ऑक्टोबरपर्यंत ते हैदराबाद राज्यात होतं. १ नोव्हेंबरला राज्य पुनर्रचना झाली आणि मराठवाड्याचे पाचही जिल्हे मुंबई राज्यात गेले. त्यानंतर बरोबर महिन्याने, १ डिसेंबर १९५६ रोजी, मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ असं हरवलं. नेव्हिल डिसोझाने तीन गोल मारले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. हा नेव्हिल मुंबईचा. आणि संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हैदराबादचे. संघात हैदराबादचे इतरही बरेच खेळाडू होते. मामा सांगायचे, "अरे, महिन्यापूर्वी आम्ही हैदराबादचे, आता मुंबईचे. कुणीही गोल मारला तरी आमचाच!"

पुढे उपांत्य फेरीत युगोस्लाव्हियाने ४-१ ने आणि तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात बल्गेरियाने ३-० ने हरवलं. भारत चौथा आला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये आपण त्याच्या वर कधीच गेलो नाही.

रहीमसाहेबांचं वैशिष्ट्य असं, की ते पेशाने शिक्षक. त्यांच्या हाताखाली हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं मुंबईचा रोव्हर्स कप जिंकला. १९५१ ला दिल्लीत आणि १९६२ ला जकार्तात भारताने एशियाडचं सुवर्ण मिळवलं, ते दोन्ही वेळा त्यांच्याच मार्गदर्शनाखाली. जकार्ताच्या वेळी त्यांना कॅन्सरने ग्रासलेलं होतं. जून १९६३ मध्ये ते गेले. २०२४ मध्ये 'मैदान' सिनेमा येईपर्यंत नव्या पिढीतल्या कितीजणांना हे नाव माहीत होतं? मामांना मात्र ते पाठ होतं. आमखासवर मुलांना पास कसा द्यायचा ते शिकवताना ते म्हणायचे, "रहीमसाब कहते थे..." रहीमसाहेब तसं खरंच म्हणाले होते का, देव जाणे!

आता जरा लांब जाऊ. त्याच १९५६ साली युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूसाठी 'बॅलन डी'ऑर' हा पुरस्कार सुरू झाला. पहिला मानकरी इंग्लंडचा स्टॅन्ले मॅथ्यूज. वय एक्केचाळीस! आजच्या खेळाडूंचे आकडे ऐकून आपले डोळे फिरतात, पण मॅथ्यूजच्या काळात इंग्लंडमध्ये खेळाडूच्या पगारावर कायद्यासारखी मर्यादा होती. ती १९६१ मध्ये उठली, तेव्हा आठवड्याला २० पौंड होती. मैदानात लाखो लोक यायचे, पैसा क्लबकडे जायचा, आणि खेळाडू सामन्यानंतर प्रेक्षकांबरोबर त्याच बसने घरी जायचा. निवृत्त होताना क्लब त्याच्यासाठी एक 'बेनिफिट' सामना ठेवी. त्या तिकिटांचे पैसे हीच त्याची ग्रॅच्युइटी. त्यातून कुणी दुकान टाकायचा, कुणी खानावळ. म्हणजे त्या काळी दान खेळाडूला मिळायचं. खेळाडूने दान करायचं ही कल्पना फार नंतरची.

मॅथ्यूज पन्नाशी ओलांडल्यावर १९६५ मध्ये निवृत्त झाला. सर ही पदवी मिळाली होती, पण खजिना नव्हता. मग त्याने काय केलं? तो आफ्रिकेत जाऊन मुलांना शिकवायला लागला. दक्षिण आफ्रिकेत तेव्हा वर्णभेदाचे कायदे. काळ्यांनी कुठे राहायचं, कुठल्या बाकावर बसायचं हेही सरकार ठरवणार. मॅथ्यूज जोहान्सबर्गजवळच्या सोवेटो वस्तीत जाऊन काळ्या शाळकरी मुलांना फुटबॉल शिकवत राहिला, आणि १९७५ मध्ये त्यातल्या मुलांचा संघ घेऊन थेट ब्राझीलला गेला. 'स्टॅन्स मेन' असं त्या संघाचं नाव. ज्या मुलांना स्वतःच्या देशात गोऱ्यांच्या वस्तीत मोकळेपणी फिरता येत नव्हतं, ती पेलेच्या देशात जाऊन आली! गोऱ्या म्हाताऱ्याने सोवेटोत जाऊन हे करणं त्या सरकारला रुचण्यासारखं नव्हतंच. संस्था, कार्यालय, लेटरहेड असलं काही तेव्हा त्याच्यामागे नव्हतं. त्याच्याकडे होता तो वेळ आणि नाव. त्याने दोन्ही खर्च केलं.

नंतर खेळात पैसा आला. टीव्ही आला, जाहिराती आल्या, आणि विशेषतः १९९० नंतर चित्र पार बदललं. हॉलंडच्या योहान क्रायफने १९९७ मध्ये आपलं फाउंडेशन काढलं. अपंग मुलांनाही खेळता यावं हा त्याचा एक मुख्य हेतू. २००३ पासून गल्लीबोळांतल्या मुलांसाठी 'क्रायफ कोर्ट' नावाची छोटी मैदानं बांधायला सुरुवात झाली. क्रायफ २०१६ मध्ये गेला, मैदानं आहेत.

नायजेरियाच्या न्वांक्वो कानूची गोष्ट तर मला फारच लागली. १९९६ मध्ये अटलांटा ऑलिंपिकचं सुवर्ण जिंकून हा पोरगा इटलीतल्या नव्या क्लबात गेला. तिथल्या वैद्यकीय तपासणीत कळलं, की हृदयाच्या झडपेत दोष आहे. वय वीस. शस्त्रक्रिया झाली आणि तो पुन्हा खेळला, तोही पुढे पंधरा-एक वर्षं! पण त्याच्या लक्षात आलं, की आपण श्रीमंत क्लबचे खेळाडू म्हणून वाचलो. आपल्या देशातल्या अशाच मुलाला कोण तपासणार? २००० मध्ये त्याने 'कानू हार्ट फाउंडेशन' सुरू केलं. आफ्रिकेतल्या मुलांना परदेशी नेऊन हृदयाच्या शस्त्रक्रिया करवून आणायच्या. त्यातली काही मुलं आपल्या भारतातल्या रुग्णालयांतही आली.

आणि आयर्लंडचा नायल क्विन. २००२ मध्ये निवृत्त होताना त्याच्यासाठी तोच जुन्या पद्धतीचा गौरव सामना झाला. जमलेले दहा लाखांहून अधिक पौंड त्याने मुलांच्या रुग्णालयांना आणि अशाच कामांना देऊन टाकले. चाळीस वर्षांपूर्वी ज्या सामन्यावर खेळाडूचं म्हातारपण निघायचं, तोच सामना आता दानाचा झाला. एवढ्या एका गोष्टीत या खेळाचा सगळा अर्थ-इतिहास आला, असं मला वाटतं.

पण हा इतिहास त्यांचा. आपला काय?

आपल्याकडे खेळाडू कधी मॅथ्यूजइतकाही 'व्यावसायिक' नव्हता. तो रेल्वेत, पोलिसांत, बँकेत, टाटा-महिंद्रात नोकरी करायचा आणि त्या संघाकडून खेळायचा. देशपातळीवरची नॅशनल लीग सुरू झाली १९९६ मध्ये. मुंबईचा महिंद्र युनायटेड २००५-०६ मध्ये ती जिंकला, आणि २०१० मध्ये कंपनीने संघच बंद केला. भारतीय खेळाडूंची स्वतःची संघटना भायचुंग भुतियाच्या पुढाकाराने उभी राहिली ती २००६ मध्ये. म्हणजे तोवर करार मोडला, पाय मोडला, तर दाद मागायला जागा नाही! अशा खेळाडूने फाउंडेशन काढायचं कुठून? तरीही आपल्या माणसांनी दिलं. भायचुंगने २०१० मध्ये फुटबॉल शाळा काढल्या, आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये गंगटोकमधली आपली इमारत अडकलेल्या मजुरांना राहायला देऊ केली. गोव्याचे ब्रह्मानंद शंखवाळकर १९८३ ते १९८६ या काळात भारताचे कर्णधार होते. निवृत्तीनंतर ते गोव्याच्या पोरांमध्ये रमले, तिथल्या फुटबॉल विकास परिषदेचं काम पाहिलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. नेव्हिल डिसोझा मात्र १९८० मध्येच गेला. आता वांद्र्याच्या फुटबॉल मैदानाला त्याचं नाव आहे. एवढं तरी आहे, असं म्हणायचं.

पण महाराष्ट्रात या सगळ्यात मोठं काम कुणी केलं असेल, तर ते नामांकित खेळाडूने नाही, एका क्रीडाशिक्षकाने. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजचे विजय बारसे. २०२२ मध्ये आलेला नागराज मंजुळेंचा 'झुंड' आपण पाहिलाय, त्यात अमिताभने जी भूमिका केली ती यांच्यावरूनच. २००१ ची गोष्ट. पावसात झोपडपट्टीतली पोरं एक फुटकी बादली लाथाडत खेळताना सरांना दिसली. सरांनी त्यांना चेंडू दिला. मग 'झोपडपट्टी फुटबॉल' नावाची स्पर्धा ठेवली, तर शंभरावर संघ आले! नाव बदला, असं त्यांना लोक सांगत होते म्हणे. सरांनी नाही बदललं. जिथली पोरं, तिथलं नाव. पुढे निवृत्तीच्या पैशांतून नागपूरबाहेर जमीन घेतली आणि 'स्लम सॉकर' उभं राहिलं.

इकडे ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये २००३ मध्ये बेघरांचा पहिला विश्वचषक झाला होता. बारसे सरांची पोरं पुढे तिथवर पोचली. त्यांच्यातला एकजण २०१० मध्ये रिओ दि जानेरोत भारताचा कर्णधार होता आणि परत येऊन वस्तीतल्या मुलांना शिकवायला लागला. २०१४ मध्ये आमिर खानच्या 'सत्यमेव जयते'मध्ये हे सगळं आलं. २०१६ मध्ये फिफाने 'डायव्हर्सिटी अवॉर्ड' हा पुरस्कार सुरू केला, तो पहिल्याच वर्षी नागपूरला आला.

असंच दुसरं नाव मुंबईचं. कुलाब्याच्या आंबेडकर नगरमधल्या अशोक राठोडने २००६ मध्ये 'ऑस्कर फाउंडेशन' काढलं. अट एकच : शाळेत जात असशील तर खेळायला ये. २०१७ च्या उन्हाळ्यात मँचेस्टर युनायटेडचा हुआन माता मुंबईत येऊन या मुलांना भेटला. त्यानंतर ऑगस्टमध्ये त्याने 'कॉमन गोल' जाहीर केलं. खेळाडूंनी पगाराचा एक टक्का अशा संस्थांना द्यायचा. म्हणजे निवृत्त व्हायची वाट न पाहता, खेळता खेळताच. एक टक्का! वाचल्यावर हसू आलं आधी. मग आठवलं, की आपण किती टक्के देतो...

असो. मामांकडे येतो.

मामा जिल्ह्याच्या बाहेर फारसे खेळले नाहीत. सरकारी कचेरीत कारकून, संध्याकाळी आमखास. गुडघा गेल्यावर खेळणं थांबलं, मैदानावर जाणं नाही. त्यांच्या सायकलच्या कॅरियरला कायम एक पोतं बांधलेलं असायचं. मामी त्याला 'सवत' म्हणायची. पोत्यात जुने बूट. स्टडचे, झिजलेले, शिवलेले, ओळखीच्या खेळाडूंकडून मागून आणलेले. ज्या पोराकडे बूट नाहीत त्याने पोत्यातून मापाचे काढायचे, हंगाम खेळायचं, परत आणून टाकायचे. पाय वाढला की पुढचा नंबर. त्यासाठी एक लांबडी वही. नाव, वडिलांचं नाव, मोहल्ला, बुटाचा नंबर, आणि परत आले की बरोबरची खूण.

परवा ती वही माळ्यावर सापडली. १९७१ पासूनच्या नोंदी आहेत. शहागंज, बुढी लेन, औरंगपुरा, छावणी. अर्धी नावं उर्दूत, अर्धी मराठीत. मामांना दोन्ही लिपी यायच्या. चाळता चाळता १९८४ च्या पानावर माझंच नाव दिसलं. पाच नंबर. पुढे खूण नाही.

मला आठवतंय ते. चार दिवस खेळलो, मग दहावीचं वर्ष म्हणून सोडलं, आणि बूट घरातच कुठेतरी राहिले. मामांनी कधी मागितले नाहीत. पण त्या पानावर माझ्याखालीच एका मुलाचं नाव आहे. नंबर पाच, आणि समोर मामांच्या अक्षरात 'शिल्लक नाही'. चाळीस वर्षांनी हे वाचताना कसं वाटलं ते लिहीत नाही.

तर या सगळ्या वाचनातून मला जे कळलं ते असं. देणारी माणसं दोन प्रकारची. एक पैसा देतात, दुसरी वेळ. पैसा देणाऱ्याचं काम माणूस गेल्यावरही चालू शकतं, पण मध्ये कुणी वेळ देणारा नसेल तर त्या पैशाचा मंडप होतो. वेळ देणाऱ्याचं काम खरं असतं, पण ते त्याच्याबरोबरच संपतं. मामांचं तसंच झालं. शेवटची दहा वर्षं पोतं माळ्यावर होतं, आणि आपल्यापैकी कुणी ते खाली काढलं नाही. मी तर त्यातले बूट पळवलेला माणूस. मामांनी चार कागद करून एखादी लहानशी संस्था केली असती, तर ते टिकलं असतं का? कदाचित. मामांना कागदांचा कंटाळा होता, हेही खरं. दिवसभर तेच करायचे ना!

नागपूर आणि कुलाब्याचं काम टिकलं, त्याचं कारण मला वाटतं तिसरंच आहे. ज्यांनी घेतलं तेच पुढे द्यायला उभे राहिले. वस्तीतलं पोर खेळलं आणि तेच प्रशिक्षक झालं. बारसे सरांचा मुलगा कामात आला, पण तेवढ्यावर ते चाललं नसतं.

आणि चषकांचं म्हणाल, तर इतिहास फार बोलका आहे. ज्या रोव्हर्स कपसाठी मामा रात्रीच्या गाडीने मुंबईला जाऊन कूपरेजवर उभे राहिले, तो १८९१ मध्ये सुरू झालेला. एकशे दहा वर्षांनी, २००१ च्या सुमारास, तोही बंद पडला. देशातली एक सर्वांत जुनी स्पर्धा! आपला स्मृती चषक किती वर्षं चालेल? तीन? मग तो कुणाच्या तरी शोकेसमध्ये, काळा पडलेला.

म्हणून माझं म्हणणं आहे, चषक नको. जमलेल्या वर्गणीतून बूट घेऊ. नवे, सगळ्या मापांचे, मुलींच्या मापाचेही (मामांच्या वहीत एकही मुलगी नाही, ती त्यांची चूक आपण दुरुस्त करू). उरलेल्या पैशातून आमखासवर रोज संध्याकाळी येणाऱ्या एखाद्या तरुण प्रशिक्षकाला दरमहा मानधन देऊ. मी चौकशी केली. मामांच्या वहीतला १९९६ सालचा एक मुलगा अजून तिथे पोरं खेळवतो, फुकट. आता त्याचे केस पांढरे व्हायला लागलेत. मी वहीचं नाव काढलं तर म्हणाला, "सर, मेरे जूते तो वापस किए थे, देख लो." पाहिलं. खूण आहे.

त्याला विचारलं, पोतं चालवशील का? म्हणाला, चालवीन, पण वही तुम्ही लिहा, माझ्याच्याने हिशेब होत नाही.

वही मी लिहीन. मी आता निवृत्त आहे, संध्याकाळ मोकळी आहे आणि एक जोड देणं आहे. पण दर महिन्याचं मानधन एकट्याने जमणार नाही. एक टक्का, असं मी कुणाला सांगणार नाही, ज्याने त्याने पाहावं. पुण्याच्या ताईने होकार दिलाय, नाशिककरांचा अजून यायचाय. दिवाळीआधी कळवा, म्हणजे बुटांची ऑर्डर देता येईल. सुरुवात पाच नंबरपासून करणार आहे.